दुमडीतलं कापड

गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा वाया न घालवणारे टेलरमास्तर लेकीच्या शाळेच्या स्कर्टला मात्र आतून चांगली चार बोटं दुमड ठेवत. चिंगी वाढेल तशी खाली सोडायची, हा त्यांचा बेत. चिंगी चौदाची झाली, धाकटी चुलतबहीण तिला मागे टाकून गेली, स्कर्ट विटून फाटले. दुमड मात्र आतून कोरी करकरीत.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. सगळं ठीक निघालं. मग पोर वाढत का नाही, यावर कारण सापडत नाही एवढंच उत्तर मिळालं. हाडांची टोकं जुळत आली आहेत, पुढच्या खेपेला उंची वाढलेली नसेल तर आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

मधल्या काळात जुन्या टेपवरचे आकडे पुसट झाले, म्हणून मास्तरांनी नवी टेप आणली. सवयीने चिंगीला भिंतीशी उभं केलं, तर पोर बोटभर वाढलेली! बायकोला बोलावून त्यांनी पुन्हा मोजलं, दिसेल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. चिंगी आरशापुढे घुटमळू लागली.

दवाखान्यातल्या पट्टीने मागचाच आकडा दाखवला. तुमची पट्टी चुकीची आहे, म्हणून मास्तर चिडले. बाईंनी निमूटपणे पुन्हा मोजलं आणि नवा एक्स-रे दाखवला. हाडांतल्या वाढीच्या फटी बुजल्या होत्या.

घरी येऊन मास्तरांनी दोन्ही टेपा शेजारी अंथरल्या. जुनी ओढून ओढून बोटभर लांबली होती, म्हणून आकडा कमी दाखवायची. माप तिनेच घ्यायचं, कापायचंही तिनेच, त्यामुळे कपडे अंगाला बरोबर बसत आणि खोट कधी उघडी पडली नाही. चिंगी तसूभरही वाढली नव्हती. आपणच पोरीला खोटी आशा लावली, या विचाराने त्यांना तोंड वर करवेना.

चिंगी नवा स्कर्ट घेऊन आली.

"बाबा, यातली दुमड कापून टाका. चालताना जड लागते."

"असू दे गं."

"कापा ना."

कात्री तिनेच पुढे केली. मास्तरांनी कापलं. खाली पडलेली कापडाची पट्टी चिंगीने उचलली आणि त्याच पट्टीने मशीनवरचं तेल पुसायला घेतलं.