खाडीतला जयकार

१९५८ सालच्या माघात आम्ही तिघं कोकणात पायी फिरायला निघालो, तेव्हा आमच्यापैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. मी, खुशाल आणि देवमन. तिघंही धामणगाव रेल्वेच्या आसपासच्या खेड्यांतले, एकाच शाळेत मार खाल्लेले. कापसाची वेचणी उलगून हात रिकामे झाले होते. खुशालने अमरावतीच्या बाजारातून लष्करी लिलावातल्या तीन खाकी पाठपिशव्या मिळवल्या. त्यांत भाकरी, जवसाची चटणी, एकेक घोंगडी, आणि माझ्या पिशवीत टाळांची जोडी. टाळ घेतल्याशिवाय मला घराबाहेर पडवत नाही, तेव्हाही नव्हतं.

घरी सांगितलं होतं की समुद्र पाहून येतो. खरं कारण देवमन होता.

देवमन आमच्याकडचे कीर्तनकार नत्थुजीबुवा यांचा शिष्य. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बुवांच्या मागे टाळकऱ्यांत उभा राहायचा. त्याचा आवाज कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला वाटावं, हा माझ्याशीच बोलतोय, असा. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत बुवांनी पहिल्यांदा स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला आणि आपण खाली श्रोत्यांत जाऊन बसले. विठ्ठलाच्या राणीचं, देवीचं माहेर ते. तिच्याच लग्नाचं आख्यान त्याने लावलं. निरूपण असं रंगलं की माझे डोळे भरून आले. आणि ऐन आख्यानात, देव रथ घेऊन निघाले तिथे, देवमन थांबला. पुढचं आठवेना. आम्ही टाळकऱ्यांनी गजर धरला, तो संपला, तरी आठवेना. तेव्हा बायकांतून एक ठसकेबाज आवाज आला, "काहून रे बाबू, लगन मोडलं काय?"

सगळा मांडव हसला. वाईट हेतूने कुणी हसलं नाही. पण देवमनने हार उतरवून वीणेवर ठेवला आणि तो अंधारात वर्धा नदीकडे चालता झाला.

त्यानंतर तो कीर्तनाला उभा राहिला नाही. कापसातली सरकी काढणाऱ्या धामणगावच्या एका जिनात कारकुनाची जागा होती. शिवरात्रीनंतर रुजू होतो, असा शब्द तो देऊन बसला होता. बुवांनी त्याला अडवलं नाही. मीच खुशालला म्हटलं, याला कुठंतरी लांब नेऊ, जिथे कौंडण्यपूर कुणाला माहीत नाही. चालून चालून माणूस मोकळा होतो. खुशाल म्हणाला, मोकळा नाही झाला तरी समुद्र तर पाहून होईल.

कऱ्हाडला रेल्वेतून उतरलो आणि पाटणच्या पुढून पाय सुरू केले. आम्ही सपाटीची माणसं. आमच्याकडे उभं राहिलं की चार गावं दिसतात. इथे चार डोंगर ओलांडावे तेव्हा एक गाव. उतारावर टेकलेली दहा-बारा घरं, नाचणीची भाकरी, ताक, आणि कोणतंही गाव असो, एक देऊळ. संध्याकाळी देवळात भजन असायचंच. पाहुणे वऱ्हाडातले म्हटल्यावर लोक जागा करून द्यायचे. देवमन गायचा, नाही असं नाही; पण मागे, खांबाला टेकून, दुसऱ्यांच्या आवाजाखाली आपला आवाज दडवून. तरी तो लपत नसे. लोक माना वळवून पाहत. कुणीतरी विचारीच, तुमच्यात बुवा कोण? मग देवमन अगदी सरळ चेहऱ्याने खुशालकडे बोट दाखवी. हे खुशालबुवा, आमच्याकडचे मोठे कीर्तनकार.

खुशालला सूर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. पहिल्या गावी त्याने घसा बसल्याचं सोंग केलं. दुसऱ्या गावी एका माउलीने त्या घशासाठी मिऱ्यांचा काढा आणला आणि समोर बसून तो संपवायला लावला. तिसऱ्या गावी खुशाल देवळाच्या पायरीवर देवमनला म्हणाला, "लेका, उद्यापासून बुवा तू. मले आता काढा पचत नाही."

"मी कायचा बुवा," देवमन म्हणाला. "मी जिनातला बाबू."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

घाट उतरल्यावर हवा बदलली. अंगाला चिकटणारी, मिठाची. शेवटच्या टेकडीवरून समुद्र दिसला तेव्हा दुपार कलत होती. दोन डोंगरांच्या कुशीत शिरलेलं पाणी, माडांची ओळ, पलीकडच्या काठावर कोळ्यांची घरं, आणि बाहेर, जिथे डोंगर संपत होते तिथे, नुसतं चमकणारं अपार काहीतरी. मी हात जोडले. खुशाल एवढंच म्हणाला की एवढ्या पाण्यात आपल्याकडचं एकही पीक बुडालं नाही, देवाची कृपा.

खाली उतरलो तर खाडीत पाणीच नाही. ओहोटी होती, पण हा शब्द आम्ही पुस्तकातच वाचलेला. आमच्यासमोर पसरलेला काळा, ओला, चकचकीत चिखल, पल्याड पाण्याची एक बारीक पट्टी, आणि तिच्या पलीकडे गाव. होडी तिकडच्या काठाला कलून पडलेली. धक्क्यावर विचारायला कुणी नव्हतं.

मी म्हटलं थांबू. खुशालने धोतराचा काचा मारला. "याले काय चिखल म्हनतेत? पावसाळ्यात पऱ्हाटीच्या वावरात उतरून पाह्य म्हना यायले." आणि खरं सांगायचं तर आम्हा तिघांनाही तसंच वाटलं. काळी माती म्हणजे आपलं घर. जन्म तिच्यात काढलेला. मी आणि खुशालने पिशव्या पाठीवर आवळल्या, देवमनने आपली डोक्यावर घेतली, आणि उतरलो.

सुरुवातीला घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत. आमच्याकडचा चिखल पायाला चिकटतो, पण खाली कुठेतरी धरतो. याला धरच नव्हता. देवमन पुढे होता, तो मांड्यांपर्यंत गेला आणि थांबला. त्याला ओढायला मी वळलो तर माझे गुडघे आत गेले. खुशाल मागे कमरेत वाकून स्वतःचाच पाय दोन्ही हातांनी उपसत होता.

आणि तेव्हा पाणी यायला लागलं. आभाळ स्वच्छ, कुठे ढग नाही. आमच्याकडे पूर येतो तो वरून, डोंगराकडून, आवाज करत. हे पाणी खालून येत होतं, समुद्राकडून, कसलाही आवाज न करता, चिखलातल्या बोटभर रेघांतून वर सरकत. खुशाल पहिल्यांदा खरोखर घाबरला. "किसना," तो मला म्हणाला, "हे उलटं काहून वाहून राहिलं?"

आम्ही ओरडलो. पलीकडे जाळी विणत बसलेली माणसं दिसत होती. वारा त्यांच्याकडचा आमच्याकडे. आमचं ओरडणं त्यांच्यापर्यंत जात असेल तरी कळत नसावं. एकाने तर हात उंच करून हलवला. लांबून रामराम केला असेल. पाणी देवमनच्या कमरेला लागलं.

देवमनने पिशवी सोडून दिली. दोन्ही हात मोकळे केले, छाती भरून घेतली, आणि त्या खाडीच्या मधोमध उभ्या जागी गर्जना केली:

"पुंडलीक वरदा..."

पलीकडून, जाळी न सोडता, मान वर न करता, पाच-पंचवीस गळ्यांतून उत्तर आलं, "हारि विठ्ठल."

कुणीही तो जयकार केला की उत्तर तोंडातून निघतंच. निघाल्यावर मात्र ती माणसं थबकली. खाडीच्या मधून जयकार येतो कसा? एकेक जण उठून उभा राहिला. डोळ्यांवर हात धरले. मग धावपळ झाली.

होडी तोपर्यंत पाण्यावर तरंगायला लागली होती. होडीचा मालक, एक म्हातारा तांडेल, ती घेऊन आला, चिखलावर फळ्या टाकल्या आणि आम्हाला त्यांच्यावर आडवं पडून सरकायला लावलं. एकेकाला मासळीसारखं होडीत ओढलं. त्याने आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात माया होती. काठाला लागल्यावर त्याने विचारलं, "बुवा कोण तुमच्यात?"

खुशालने मान खाली घातली. नखशिखांत चिखलाने माखलेल्या देवमनने त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

दिवेलागणीला देवळात माणूस मावत नव्हता. देवमनच्या अंगात तांडेलाच्या मुलाचा लग्नातला कोट, खाली चौकटीची लुंगी. माझे टाळ पाठीवरच्या पिशवीत होते म्हणून वाचले, मृदंग त्यांचा. हार घालायला तांडेल पुढे झाला तेव्हा देवमनने मान वाकवली. देवाला नमस्कार करून तो लोकांकडे वळला, आणि माझ्या मनात कार्तिकातली ती रात्र आली.

मग त्याने सुरुवात केली ती अभंगाने नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीतच तो त्यांना सांगू लागला की आम्ही काळ्या मातीचे, आम्हाले वाटलं चिखल म्हणजे आपल्या घरचा. माणसाचा अभिमानही असाच, पाऊल टाकताना ओळखीचा वाटतो. लोक हसायला लागले. बायका तोंडाला पदर लावून, पोरं एकमेकांना ढकलून, तांडेल तर मांडीवर थाप मारून. सगळं देऊळ हसत होतं आणि देवमन मध्ये उभा होता. मी टाळ घट्ट धरून ठेवले. खुशालने माझं मनगट पकडलं.

देवमनने हसणं संपेपर्यंत वाट पाहिली. पुरतं संपू दिलं. तोही थोडा हसला. मग अभंगाचा चरण उचलला, आणि मला पुढचं फारसं आठवत नाही, कारण मी रडत होतो. मध्ये एकदा तो पुढचं भुलला. "अवो, भुललो मी," असं तोंडाने सांगून त्याने गजर लावला, आणि गजर संपेतो त्याला वाट सापडली होती.

सकाळी तांडेल सांगत आला की खाडीच्या तोंडाजवळ त्याच्या बहिणीचं गाव आहे, तिथल्या लोकांना बुवा हवेत, आणि त्याच्यापुढे आणखी एक गाव. भरती लागली होती, पाणी पायरीपर्यंत आलेलं. खुशालने पिशव्या भरल्या. देवमनची चिखलातच राहिली होती, म्हणून मी त्याला माझी घोंगडी दिली.

"बुवाले सांगजा, मी बरा हाये," तो आम्हाला म्हणाला. "आन् जिनात सांगजा, मी येत नाही. दुसऱ्या कोनाले घ्या म्हना."

"कधी येशील?" मी विचारलं.

त्याने समुद्राकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि होडीत जाऊन बसला. वल्ही मारणारी तीन पोरं कसलंसं गाणं म्हणत होती. थोड्या वेळाने त्यांच्यात चौथा आवाज मिसळला. होडी डोंगराच्या नाकाआड गेली तरी तो येत राहिला. आम्ही दोघं पायरीवर उभे होतो. आवाज पुरता विरला तेव्हा खुशालने पिशवी पाठीवर टाकली आणि म्हणाला की आता घाट चढताना गायला कुणी नाही, तर तू गा. मी गायलो. खुशालने मागून बेसूर साथ धरली.