चहानंतरची रिंग

धाकटीच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, तिला चष्मा लागला, ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणू लागले, तरी घरात ती धाकटीच राहिली. शहराच्या निम्म्या मोबाइल नेटवर्कची देखभाल तिच्या टीमकडे होती. आईच्या लेखी मात्र ती 'टॉवरमध्ये' होती, आणि फोनवर आवाज तुटला की पहिली बोलणी तिलाच बसत.

या घरात मोबाइल आला तो वडिलांचा, साबणाच्या मोठ्या वडीएवढा. बोलायला पैसे पडत आणि ऐकायलाही पडत, म्हणून त्या फोनवर कोणी बोलतच नसे. एक रिंग देऊन कापली म्हणजे 'पोचले'. थांबून पुन्हा दिली म्हणजे 'तू फोन कर'. सगळं घर एकमेकांना नुसते मिस्ड कॉल देत असे, आणि कोणी चुकून उचललाच तर तो घरी आल्यावर त्याची खैर नसे. ते टूजी. त्यावरून फोटो मागवणं म्हणजे दिव्यच. दादाने नोकरीच्या गावाहून स्वतःचा पहिला फोटो पाठवला, तेव्हा तो वरून खाली पट्टीपट्टीने उतरला. कपाळ दिसल्यावर आईने चहा टाकला, आणि हनुवटी येईपर्यंत तिचा चहा पिऊनही झाला.

मग थ्रीजी आलं. आता दादा हलताना दिसू लागला, पण त्याचं तोंड आधी हले आणि शब्द मागून येत, त्यामुळे आई मध्येच बोले आणि दोघांचं भांडण होई. फोरजीवर ती भांडणंही स्वच्छ ऐकू येऊ लागली. दादाचा मुलगा, म्हणजे आईचा लाडका नातू, तिला दिवसभर व्हिडिओ पाठवू लागला. फाइव्हजीचे खोके टॉवरवर चढले, तेव्हा धाकटीने कौतुकाने समजावून सांगितलं, "आई, आधी पायवाट होती, मग गाडीरस्ता झाला, मग हमरस्ता. आता तर नुसता माळ मोकळा केलाय. कितीही सामान एका दमात येईल."

"आणि येतं काय?" आई म्हणाली. "मांजर कपाटावरून पडलं, त्याचा व्हिडिओ."

आईने फोन बदलले, पण मिस्ड कॉल काही सोडला नाही. बोलणं फुकट झालं तरी ती रिंग देऊन कापायची. फुकट आहे हे तिला ठाऊक होतं. तरी उगाच कशाला उचलायचं, असं तिचं म्हणणं.

वडील गेल्यावर आई तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात एकटी राहत होती. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून ती पडली. हाड मोडलं नाही, पण दादाने तो विषय लावून धरला. त्याने आपल्या घरातली एक खोली रिकामी केली, भिंतीला रंग दिला, वहिनीने पडदेही शिवून घेतले. रोज संध्याकाळी दादा तेच सुरू करी आणि आई रोज कानावर हात ठेवी. शेवटी वैतागून तिनेच तोड काढली. दोघा भावंडांना समोर बसवून ती म्हणाली, "रोज सकाळी माझा चहा झाला की धाकटीला रिंग देईन. म्हणजे मी धडधाकट आहे. ज्या दिवशी रिंग आली नाही, त्या दिवशी बॅग भरून तुझ्याकडे येते. पण तोवर हा विषय काढायचा नाही. कबूल?"

दादाला वाटलं, महिनाभरात विसरेल. तो कबूल म्हणाला. आई विसरली नाही. रोज सकाळी धाकटी डबे भरत असताना फोन एकदा वाजून गप्प होई, आणि ती दादाला एक शब्द लिही, 'आली'. दादा अंगठा पाठवी. त्या अंगठ्यात थोडी निराशा असे, असं धाकटीला उगाचच वाटायचं.

अशात टूजी बंद करायचं फर्मान निघालं. थ्रीजी आधीच गेलं होतं. जुन्या फोनवाल्यांना कंपनीने महिनोन्‌महिने मेसेज पाठवले, बटणांचे फोन बदलून घ्यायला लावले. अशी कामं एरवी सगळे झोपल्यावर करतात, पण टूजीवर आता इतकी तुरळक माणसं उरली होती की साहेबांनी भरदुपारी करायला सांगितलं. धाकटीने एकेक टॉवर उतरवत नेला. स्क्रीनवरची हिरवी रेघ खाली खाली येत गेली आणि तळाला टेकली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी बिस्किटं मागवली. धाकटीला जरा वाईट वाटलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती शिकली होती ती याच नेटवर्कवर, आणि बाबांचा तो साबणाच्या वडीचा फोनही याच्यावरच वाजायचा. पण काम चोख झालं होतं, एकही तक्रार आली नव्हती. संध्याकाळी ती खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी डबे भरून झाले, झाकणं लागली, तरी फोन वाजला नाही. पाणी गेलं असेल, चहाला उशीर झाला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. नवरा बाहेर पडला. फोन गप्पच. मग तिने स्वतः आईला फोन लावला. पलीकडून ती ठरलेली बाई ठरलेल्या गोड आवाजात म्हणाली की हा नंबर संपर्क क्षेत्राबाहेर आहे.

आई घरात असणार, आणि घर टॉवरच्या नाकासमोर. तो टॉवर धाकटीच्याच टीमने उभा केला होता. ती पायात मिळेल ती चप्पल सरकवून निघाली.

रिक्षात बसते न बसते तोच दादाचा फोन. "आली का?"

"नाही अजून. मी निघालेय तिकडे."

दादा म्हणाला, "मीही निघतो. ती बरी असली, तर आज घेऊनच येईन तिला. ठरलंय आपलं." तोही घाबरला होता, हे धाकटीला कळलं.

तिने व्हिडिओ कॉल करून पाहिला. तो नुसताच वाजत राहिला. पण त्याचं काही नाही. केस विंचरल्याशिवाय तोंड दाखवायचं नाही, हा आईचा नियम होता आणि व्हिडिओ कॉल ती दहातला एखादाच घेई. मोरी, ओला फरशीचा तुकडा, दाराला आतून लावलेली कडी, असं काय काय धाकटीच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. हाताला चाळा म्हणून तिने घरच्यांचा ग्रुप उघडला. नातवाने सकाळीच मांजराचा एक व्हिडिओ टाकला होता आणि तिने त्याखाली 'छान' लिहिलं होतं. आपलं 'छान' कोणी कोणी वाचलं, ते तिने पाहिलं. आईने वाचलं होतं. थोड्या वेळापूर्वीच.

तिचा जीव भांड्यात पडला. आई बरी होती, सोफ्यावर बसून मांजर बघत होती. मग रिंग का नाही? व्हिडिओ पोचतो, म्हणजे रेंज आहे. व्हिडिओ पोचतो आणि फोन लागत नाही...

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने कपाळावर हात मारून घेतला, इतक्या जोरात की रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

फोरजीवरून व्हिडिओ जातात तसं बोलणंही जातं, पण फोनमधलं एक बटण चालू असेल तरच. ते बंद असेल, तर फोन कॉलपुरता गुपचूप जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि कॉल संपला की पुन्हा वर येतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ते बटण धाकटीने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. फोन नवा होता तेव्हा फोरजीवर आवाज घोगरा, तुटक येई; आईला नीट ऐकू यावं म्हणून तिने आपली अक्कल चालवली होती. पुढे सगळं सुधारलं, पण बटण बंद ते बंदच राहिलं. आईकडे फोन फोरजीचा, म्हणून कंपनीचा मेसेजही तिला गेला नाही. दुकानदाराने दिला तसाच फोन ठेवला असता, तर आज रिंग सुरळीत आली असती. मुलगी नेटवर्कात असल्यामुळे आईचा फोन मुका झाला होता. हसावं की रडावं, ते तिला कळेना.

जिना चढताना मात्र तिची पावलं मंदावली. दादा निघाला होता. ठरलेली गोष्ट ठरलेली होती. तिने तोंड उघडलं नाही, तर आई आज दादाकडे जाईल, रंग दिलेल्या खोलीत राहील, आणि रोज सकाळी डबे भरताना धाकटीचा जीव टांगणीला लागणार नाही. कोणाला काही कळणारही नाही. हा विचार मनात आल्याची तिला लाज वाटली. तरी तो पुढच्या पायरीवरही तिच्यासोबत होता.

दार उघडंच होतं. आई सोफ्यावर बसली होती, केस विंचरलेले, अंगावर बाहेर जायची साडी. पायाशी बॅग होती, चेन लावलेली. घराच्या किल्ल्या टीपॉयवर काढून ठेवल्या होत्या.

"ये," आई म्हणाली. "दादाला सांगितलंस का?"

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? रिंग गेली नाही ना तुला? ठरलं ते ठरलं. माझा शब्द आहे." तिने हातातला फोन उलटासुलटा केला. "नातवाचं मांजर तेवढं दिसतंय, फोन लागत नाही. सकाळपासून किती वेळा दाबलं. तोच नंबर, तेच बटण, रोजचंच. मग म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असणार." तिने बॅगची चेन पुन्हा तपासली. "तुझ्या आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅस बंद करायला विसरली, मग माणसं. माझंही डोकं गळायला लागलं असेल तर एकटं राहण्यात शहाणपणा नाही."

एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारी आई हे इतक्या शांतपणे म्हणाली की धाकटीला गलबलून आलं. जिन्यातला तो विचार कुठच्या कुठे गेला. ती आईच्या पायाशी खालीच बसली.

"आई, तुझं काहीही चुकलं नाही. डोकं ठणठणीत आहे तुझं. चूक माझी आहे."

आणि तिने सगळं सांगितलं. बटणाचं, जुन्या नेटवर्कचं, कालच्या दुपारचं. ऐकता ऐकता आईची मान हळूहळू ताठ होत गेली.

"म्हणजे तू बंद केलंस?"

"हो."

"आणि वर बिस्किटं खाल्लीस?"

"हो."

"अगं, मी सकाळपासून मेले इथे! देवाचं नाव घेत आठवड्याचे वार म्हणून पाहिले, पाढे म्हणून पाहिले, की येतायत का!" आईचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. "एकोणिसाचा अडखळला. पण तो मला शाळेतही येत नव्हता."

धाकटीने तिच्या हातातून फोन घेतला, बटण शोधलं, चालू केलं, फोन परत दिला. आईने चष्मा सारखा केला आणि नंबर दाबला. धाकटीच्या पर्समध्ये फोन एकदा वाजला. आईने कापला. तिने पदराने डोळे पुसले आणि टीपॉयवरच्या किल्ल्या उचलून दारामागच्या खिळ्याला अडकवल्या.

दुपारी दादा धापा टाकत वर आला. धाकटीने त्यालाही सगळं सांगितलं. तो आधी आईला डोळे भरून पाहत राहिला, मग बहिणीवर उखडला, आणि शेवटी मूळ मुद्द्यावर आला. "ते काही असो. रिंग आली नाही हे तर खरं ना? ठरलं होतं आपलं."

"मी रिंग दिली होती," आई म्हणाली. "तुझ्या बहिणीने मध्ये रस्ता खणून ठेवला, त्याला मी काय करू?"

"आई, पण किती घाबरलो आम्ही!"

"आणि मी नाही?" आई म्हणाली. "तुम्हाला फोन लागेना, तेव्हा मला काय वाटलं असेल? तुम्ही गाड्या चालवता, जिने चढता, तुम्हाला काही होऊ शकत नाही? रोज मीच का जिवंत असल्याचं कळवायचं? उद्यापासून तुम्हीही द्यायची रिंग. चहा झाला की. ज्याची आली नाही, त्याने बॅग भरून इकडे यायचं."

दादा हसला. धाकटीही हसली. आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या रिंगा गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. शुक्रवारी दादा कामाच्या गडबडीत विसरला, आणि मीटिंगच्या ऐन मध्यात त्याचा फोन वाजला. आईने तो एकदा वाजवून कापला नाही. उचलेपर्यंत वाजू दिला.

"बॅग भर," ती म्हणाली. "ठरलं ते ठरलं."

शनिवारी सकाळी दादा खरंच बॅग घेऊन आला आणि आईच्या घरी दोन दिवस राहिला.