रेघ कुणाची?

कापडगिरणीतला विणाईमास्तर आणि तपासणी खात्यातली कॅमेरावाली बाई हे नवराबायको. घरही एक, गिरणीही एक, तरी सात वर्षांत कधी खटका उडाला नव्हता. तो सोमवारी उडाला.

मास्तरचा पहिलाच तागा कॅमेऱ्याखालून गेला आणि पडद्यावर एक फिकट उभी रेघ उमटली. डाव्या काठापासून वीतभर आत, ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईने ताग्यावर शिक्का हाणला: 'वीण सदोष'. दुसऱ्या ताग्यावर तीच रेघ. संध्याकाळपर्यंत नऊ शिक्के.

मंगळवारी मास्तरने अख्खा माग खोलला, पुसला, परत जोडला. रेघ आपली जागच्या जागी.

रात्री जेवताना दोघंही भांडी आपटत होती. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "झालंय काय?"

"यांच्या कापडात रेघ येते," बाई म्हणाली.

"हिच्या कॅमेऱ्याला दिसते. मला नाही दिसत."

"मग चष्मा लावा."

"कॅमेऱ्याला लाव!"

"गिरणी गिरणीत ठेवून येत जा रे," सासूबाई वैतागल्या. "मला घास तरी गिळू द्या."

बुधवारी सकाळी मास्तर नापास झालेला एक तागा खांद्यावर टाकून तपासणी खात्यात हजर. मागे विणकरांची फौज.

"बाई, हा तागा मी उलट्या टोकाने घालतो," तो म्हणाला. "डावा काठ उजवीकडे गेला, म्हणजे रेघही उजवीकडे जायला हवी. बरोबर?"

"बरोबर."

कापड सरकलं. रेघ डावीकडेच.

म्हणजे रेघ कापडात नव्हती, कॅमेऱ्यात होती. तिचा कॅमेरा एका वेळी कापडाची केसाएवढी पट्टी बघायचा आणि अशा पट्ट्या जोडून चित्र करायचा. त्याच्या आत बघायला एका रांगेत हजारो बारीक ठिपके, आणि प्रत्येकाची नजर वेगळी. तोच पांढरा रंग एकाला उजळ दिसणार, दुसऱ्याला मळकट. म्हणून ती आधी भिंग झाकून त्यांना मिट्ट काळोख दाखवायची, मग एक पांढरी पाटी. कोण किती चुकतो ते बघून यंत्र ज्याची त्याची नजर सारखी करायचं. सोमवारी सकाळीच तिने हे केलं होतं.

तिने पाटी काढून उजेडात धरली. पाटीला एक लांब काळा केस चिकटला होता. बरोब्बर त्याच जागी.

"अगं बाई!" ती म्हणाली. "केसामुळे तिथल्या ठिपक्यांना पांढरं कमी दिसलं. यंत्राला वाटलं, हे बिचारे अशक्त. दिला त्यांना जास्तीचा खुराक! तेव्हापासून ते प्रत्येक ताग्यावर 'पांढरं, पांढरं' करून बोंबलतायत."

"पण केस कुणाचा म्हणायचा?" मास्तरने टकलावरून हात फिरवला. "माझ्यावर तर संशय घेता येणार नाही."

विणकर खो-खो हसले. बाईचे कान लाल झाले, पण हसू तिलाही आवरेना.

"चूक माझी. सगळे शिक्के खोडते."

"लेखी द्या."

"देते." तिने तिथल्या तिथे कागदावर लिहिलं: 'कापड निर्दोष. कॅमेरा चुकला, कारण मी चुकले.' खाली सही ठोकली.

मग तिने पाटी धुतली, कोरडी केली, दोनदा निरखली आणि मास्तरच्या हातात दिली.

"धरा. एका जागी ठेवू नका, सरकवत राहा. एखादा डाग राहिलाच, तर एकाच ठिपक्याच्या माथी बसायला नको."

"असं?"

"हळू! पाटी आहे, सुकाणू नाही."

"हळूच करतोय. तू पडद्याकडे बघ."

कोणता ठिपका किती उजळ बघतो ते दाखवणारी, पडद्यावरची करवतीच्या दात्यांसारखी रेषा हळूहळू सपाट झाली. बाईने मान डोलावली. तागा सुरू झाला. विणकर एकेक करून मागांवर परतले.

मास्तर मात्र हलला नाही. अख्खा तागा संपत आला तरी कमरेवर हात ठेवून पडद्याकडे बघत उभा.

"अहो, काय बघताय एवढं? काहीच तर दिसत नाहीये."

"तेच बघतोय," मास्तर म्हणाला.