तपासल्याची तारीख

मी एक जुना मजकूर आहे, मित्रांनो. मला धूळ लागत नाही, वाळवी लागत नाही, तरीही मी आतून कुजलो. कसा, ते ऐका.

संगणकाची प्रणाली हजारो लहानमोठ्या गठ्ठ्यांची बनलेली असते. त्यांतल्या एका गठ्ठ्याबरोबर मी राहतो. त्यातली अवजारे मोठ्या संगणकावर चालतात, पण प्रोग्राम तयार करतात तो वेगळ्या घडणीच्या, चिमुकल्या संगणकासाठी. मोठ्याच्या घरी बसून लहानग्याचा अंगरखा शिवावा, तसेच हे. माप चुकले की सगळे मुसळ केरात. ती मापे कशी घ्यायची, हे मी सांगतो.

मला एका चष्मेवाल्या काकांनी लिहिले. मोठे खडूस गृहस्थ! प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की माझ्यातली एकेक पायरी पहिल्यापासून करून पाहत. दोन दिवस मोडत. काकू वैतागायच्या, "अहो, तेच ते किती वेळा कराल?"

"तेच आहे का, तेच तर बघतोय," काका म्हणायचे.

मग माझ्या माथ्यावर 'तपासले' या शब्दापुढे ते नवी तारीख घालत. लोक माझे कौतुक करत. मलाही जरा शिंगे फुटली होती.

पुढे काकांची नजर अधू झाली आणि मी एका इंजिनिअरच्या हाती आलो. त्याच्या गळ्यात असे चारशे गठ्ठे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याने एक सोय केली. नवी आवृत्ती निघाली की सगळ्या मजकुरांवरची तारीख एका फटक्यात आपोआप बदलायची. आत कोणी डोकावत नसे.

दरम्यान अवजारे बदलली. काही साध्या चिपांना अपूर्णांकांचे गणित येत नाही. त्यांच्यासाठी अवजारांना एक खूण द्यावी लागते, नाहीतर प्रोग्राम पहिल्याच अपूर्णांकाला अडतो. त्या खुणेचे नाव बदलले. जुने नाव दिले तर अवजारे तक्रारही करत नसत, सरळ दुर्लक्ष करत. माझ्यात जुनेच नाव होते आणि माथ्यावर तारीख ताजी होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

एका रुग्णालयाच्या तळघरात यंत्रे सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू घटला की वाजणाऱ्या, अशाच साध्या चिपेच्या डब्यांसाठी त्यांनी माझ्यावरून नवा प्रोग्राम तयार केला. बटण दाबून पाहिले, डबा वाजला. पण अपूर्णांकांचे गणित लागायचे ते प्राणवायू खरोखर घटल्यावरच.

सहा नंबरच्या खाटेवर एक सुतार होते. भर दुपारी त्यांचा प्राणवायू घटू लागला. पहिला अपूर्णांक आला आणि प्रोग्राम जागीच थांबला. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र जळत राहिला. त्यांची लेक त्यांचा हात धरून शेजारी बसली होती. "बाबांना आत्ताच डोळा लागलाय," असे तिने नर्सला हळूच सांगितले.

बाबा गेल्यावर चार दिवसांनी ती तळघरात आली. ताई मला ओळीओळीने वाचत होत्या.

"का नाही वाजला हो?" तिने विचारले.

"मी तारीख बघितली होती," ताई म्हणाल्या.

इंजिनिअरने ती ओळ दुरुस्त केली. ताईंनी नोकरी सोडली.

मित्रांनो, जे तपासले नाही त्यावर 'तपासले' असे कधीही लिहू नका. वेळ मिळाला नसेल तर तसे कबूल करा, त्यात मान खाली जात नाही. माझ्या माथ्यावर नुसते 'तपासलेले नाही' एवढे जरी असते, तरी ताईंनी सगळे पुन्हा पारखून घेतले असते, आणि ती लेक आपल्या बाबांना घरी घेऊन गेली असती.