पिचरची माती

४–५. स्क्रीनवर भोंगा वाजला आणि सुगिमोरी हरले.

▶ माती भरा

ठोकळ्यांची चिमुकली पोरं वाकून पिशवीत मैदानाची माती भरू लागली. कोशिएनला, जपानच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत, हरलेली शाळा आठवण म्हणून हेच करते, म्हणून नोझोमीने आपल्या गेममध्ये ते घातलं होतं. प्रत्येक पोरासाठी एकदा बटण दाबायचं, मगच पुढचा सामना.

"काढून टाक हे," प्रकाशक सुगिमोरी सकाळीच म्हणाले होते. "हरलेला माणूस कशाला थांबेल?"

"एकदा हरून बघा, मग काढते," नोझोमी म्हणाली होती. तिला खात्री होती.

आता ते एकेका पोरासाठी बटण दाबत होते. चेंडू टाकणाऱ्या पिचरपाशी अंगठा थांबला.

"याला नाही."

"कंटाळलात ना?"

"अगं, हा दुसऱ्या वर्षाचा! पुढच्या वर्षी परत येणारा पोरगा माती नेतो होय? आमच्या कोचने सोलून काढलं असतं!"

नोझोमी हसली. चूक तिचीच होती.

"मग दृश्य ठेवू?"

"ठेव की! पण याला रिकाम्या हातांनी घरी पाठव."

तिने तिथेच कीबोर्ड ओढला आणि पिचरपुरती ओळ बदलली.

▶ पुढच्या वर्षी येतो

सुगिमोरींनी बटण दाबलं.