नाल्यापलीकडे टाचणी नव्हती

मी नकाशा बोलतोय. पण आधीच सांगून टाकतो, मी जरा गोंधळलेला आहे. गल्ल्या, शाळा, दवाखाना, नाला, सगळं माझ्या अंगावर आहे. तरी त्या वर्षी माझ्या हातून नेमकं काय झालं, ते मला अजून उमगलेलं नाही.

मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत चार जाड कागद खळीने जोडून माझा जन्म झाला. साथ कुठून येते, कशी पसरते, हे शोधणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मॅडमनी मला काढलं. तेव्हा त्या नोकरीत नव्या होत्या. दिसेल ते मोजायच्या, म्हणून मुलं त्यांना मागून ‘मोजणीबाई’ म्हणायची. गावभर पायी हिंडून त्यांनी माझ्यावर एकेक घर मांडलं.

मग काविळीची साथ आली. दवाखान्यातून यादी यायची आणि मॅडम प्रत्येक रुग्णाच्या घरावर लाल टाचणी टोचायच्या. मला दुखायचं, पण अभिमानही वाटायचा. टाचण्या पाण्याच्या टाकीभोवती दाटल्या. टाकी तपासली तर खरंच घाण निघाली. ती धुऊन घेतली.

“आता आठवडाभरात थांबेल ना?” शिपाईमामांनी विचारलं.

“इतक्या लवकर नाही, मामा. कावीळ अंगात मुरून मग दिसते. वाट बघावी लागेल.”

सहा आठवडे झाले, सात झाले. टाचण्या वाढतच होत्या. मॅडम माझ्यासमोर तासन्‌तास उभ्या राहायच्या. जे होतं ते मी दाखवत होतो, मग चुकत कोण होतं?

एके दुपारी दवाखान्यातल्या सिस्टर यादी घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, “नाल्यापलीकडे एकही टाचणी नाही?”

“तिकडे रुग्णच नाहीत, सिस्टर.”

“रुग्ण नाहीत की आमच्याकडे येत नाहीत? पूल तुटलाय, मॅडम. एवढा वळसा घालून कोण येणार?”

मॅडमचा चेहरा उतरला. पर्स तिथेच टाकून त्या निघाल्या.

चार दिवस त्या पलीकडे दारोदार फिरल्या. पिवळ्या डोळ्यांची त्रेपन्न माणसं सापडली. पाण्याचा माग काढला तर कळलं, दोन्ही काठांना पाणी नेणारी मोठी नळवाहिनी नाल्यातच फुटली होती आणि नाल्याची घाण तिच्यात शिरत होती. ती दुरुस्त झाली आणि पुढे साथ ओसरली. पण मॅडम पोचायच्या पाच दिवस आधी तिकडची एक गरोदर बाई काविळीने गेली होती. तिच्या घरावरही मॅडमनी टाचणी टोचली.

मला वाटलं, आता मला फाडून टाकतील. त्यांनी मला वर्गात टांगलं. दरवर्षी नव्या मुलांसमोर त्या टाचणीवर बोट ठेवून सांगायच्या, “इथे मी चुकले.” संशोधन वाढलं, बढत्या मिळाल्या, मानसन्मान झाले, पहिला तास मात्र हाच. इतकी हुशार बाई स्वतःची चूक अशी भिंतीवर का लावते, ते मला कळेना.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, ती माझी काकू.”

मॅडमनी खडू खाली ठेवला.

“काका सांगायचे, एक बाई दारोदार विचारत फिरत होत्या. त्या तुम्ही?”

“हो. पण उशिरा आले.”

“काकांना अजून वाटतं, काकूच्या नशिबातच होतं ते. त्यांना हे सांगू का?”

“मी येते,” मॅडम म्हणाल्या. “मलाच सांगू दे.”

रविवारी त्या दोघी काकांकडे गेल्या. तिथे काय झालं, मला ठाऊक नाही. सोमवारी मॅडम वर्गात आल्या आणि माझ्याकडे न बघता शिकवू लागल्या. माफी मिळाली की दार बंद झालं? मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो, सापडलं नाही.

आता मॅडम घरी असतात. ती मुलगी याच वर्गात शिकवते. माझे कोपरे झिजलेत, टाचण्या गंजल्यात. पहिल्या तासाला ती मुलांना माझ्यापुढे उभं करते आणि सांगते, “इथे माझी काकू राहायची.” मग ती मुलांना घेऊन बाहेर पडते, घरं बघायला. मी भिंतीवर एकटाच उरतो. कुणाचा दोष किती, हे मला अजून कळत नाही. तुम्ही मात्र माझ्यासारख्यावर विसंबून खुर्चीत बसून राहू नका. एवढंच मागतो.