विटका डाळिंबी

ज्याला एखाद्या विषयातले खरोखर कळते, त्याची तुच्छता अडाण्याच्या तुच्छतेपेक्षा अधिक धोक्याची असते. कारण ती दहांपैकी नऊ वेळा बरोबर ठरते. नऊ वेळा बरोबर ठरलेला मनुष्य दहाव्या वेळी थांबून पाहत नाही, आणि अपराध घडतो तो नेमका त्या दहाव्या वेळी.

रंगारीबुवांना कापडाच्या रंगातले खरोखर कळत होते. त्यांच्या कारखान्यात तांब्याच्या चार कढया होत्या, मागच्या अंगणात वाळवणाच्या दोऱ्या होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत अशा रंगाचे झाले होते की ज्याला कोणत्याही भाषेत नाव नाही. संस्कृतात ज्या धातूचा अर्थ रंगणे, त्याच धातूपासून राग हा शब्द निघाला. तेथे तो रंगही आहे आणि अनुरागही. मराठीने मात्र तो उचलून संतापाला देऊन टाकला. बुवांच्या ठायी हे तिन्ही अर्थ एकत्र नांदत, तिसरा जरा ऐसपैस. कापड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य ऐकवीत: "कापड फाटेल, पण रंग जायचा नाही." त्यांच्या साऱ्या आयुष्याची अब्रू या एका वाक्यावर उभी होती.

अशा माणसाकडे एका लग्नाच्या कामाची चिठ्ठी आली. सभागृहाच्या बावीस खिडक्यांचे पडदे, मेजांवरची आच्छादने आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या बायकांच्या शाली, एवढे सारे कापड एकाच रंगात रंगवायचे होते. रंगाच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिले होते: विटका डाळिंबी.

बुवांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्यांना लेखनिकाची कीव आली. नवे कापड विटक्या रंगात मागणारा मनुष्य जगात असू शकेल, ही शंकासुद्धा त्यांच्या मनाला शिवली नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की लिहिणाऱ्याने आधी डाळिंबी ठरवला, मग मत बदलून विटकरी केला, गडबडीत डाळिंबी खोडायचा राहिला, आणि 'री' राहून तिचा नुसता काना उरला. शाळांतून शुद्धलेखन उठल्यापासून शब्दांच्या शेपट्या अशाच गळू लागल्या आहेत, असे ते सुनेला म्हणाले. मग त्यांनी पक्क्या भाजलेल्या विटेचा रंग साधून, तुरटीने तो पक्का करून, हातभर नमुना पाठवून दिला. नमुना अप्रतिम होता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. ही वीट तर रेशमासारखी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तीन बायका तो नमुना परत घेऊन कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या.

पुढे होती ती वराची आत्या. लग्नाच्या सजावटीचा भार तिने, कोणी न सांगता, आपल्या शिरावर घेतला होता. ओल्या फरशीवरून ती अशी चालली, की जणू फरशी तिच्या येण्यानेच ओली झाली. तिच्या मागे होती रंगसल्लागारबाई. कोणत्या लग्नाला कोणता रंग शोभेल हे सांगणे हाच तिचा व्यवसाय. तिच्या हातात रंगीत पट्ट्यांचा एक पंखा होता, आणि प्रत्येक पट्टीमागे तिने ठेवलेले एकेक नाव होते. सर्वांत मागे, दाराशी, हातात कापडी पिशवी घेऊन वधू उभी होती.

सल्लागारबाईंनी पंखा उलगडून बुवांना नावे ऐकवली. 'पहाटेची राख' होती, 'न पाठवलेले पत्र' होते, 'आठवणीतला गुलाब' होता. बुवांनी शांतपणे विचारले की यांतला कोणता धुतल्यावर टिकतो. बाईंनी सांगितले की टिकणे हा आता जुना विचार झाला. हल्ली रंगाने जरा थकलेले दिसावे, त्याला काहीतरी सोसल्यासारखे वाटले पाहिजे. थकलेला डाळिंबी हा यंदाचा सर्वांत खानदानी रंग असून त्याला त्यांनी 'मावळती ओढ' असे नाव दिले आहे. आत्याबाईंनी मान डोलावली. त्यांना स्वतःला झगझगीत जांभळा हवा होता. पण खानदानी हा शब्द ऐकल्यावर ज्यांचे स्वतःचे मत गळून पडते, त्यांपैकी त्या होत्या.

बुवांनी आयुष्यभर अज्ञान पाहिले होते, पण पंखा घेऊन फिरणारे अज्ञान प्रथमच पाहिले. गरिबाच्या अंगावर जो विटका रंग दिसला की ही मंडळी रस्ता ओलांडतात, तोच त्यांना आता मुद्दाम रंगवून, वर नाव ठेवून हवा होता. उन्हाने फुकट केलेल्या कामाची नक्कल करण्यासाठी यांना रंगारी हवा!

"आत्याबाई, मी रंग चढवतो," ते म्हणाले. "उतरवायचं काम ऊन करतं. तुमचे पडदे दहा वर्षं खिडकीत टांगा, तुम्हाला पाहिजे तो रंग आपोआप येईल. तोवर लग्न पुढे ढकला."

आत्याबाईंनी सल्लागारबाईंकडे पाहिले आणि म्हातारा हट्टी असल्याचे त्याच्या समोरच, तो बहिरा असल्यासारखे, सांगितले. दुसरा रंगारी पाहू म्हणून त्या दोघी निघून गेल्या. वधू मात्र पिशवीतले काहीतरी दाखवायचे आहे म्हणून मागे राहिली.

"चिठ्ठी मी लिहिली होती, बुवा," ती म्हणाली. "विटकाच लिहिलं होतं. री राहिली नव्हती."

तिने पिशवीतून एक लांब कोट काढून फळीवर पसरला. तो बायकी कोट होता, जपून वापरलेला, कडा नीट शिवलेल्या. रंग कधीकाळी डाळिंबी असावा. आता खांद्यांवर तो राखेकडे झुकला होता, पाठीवर मातकट गुलाबी झाला होता, आणि बाह्यांवर यांच्या मधले काहीतरी. बुवांनी सवयीने कॉलर उलटली. कॉलरखाली, जेथे ऊन पोहोचले नव्हते, तेथे नुकत्या फोडलेल्या फळातल्या दाण्यासारखा लखलखीत डाळिंबी जिवंत होता. अस्तराच्या कोपऱ्यात दुहेरी गाठीचा एक धागा होता. तशी गाठ जगात एकच मनुष्य मारीत असे.

"हा माझा हात आहे," बुवा म्हणाले, आणि खाली बसले.

वधूने मग सारे सांगितले. ती दोन वर्षांची असताना तिच्या आईने पहिल्या स्वतंत्र कमाईतून हा कोट घेऊन येथे रंगवून घेतला होता. आईने टपाल खात्यात पत्रे निवडण्यात जन्म घालवला, एकटीने मुलीला वाढवले, आणि प्रत्येक चांगल्या प्रसंगी हाच कोट घातला. तो खिडकीसमोरच्या खुंटीला असे. रोज पाहणाऱ्याला रंग उतरलेला दिसत नाही. आरशात रोज पाहणाऱ्याला वय दिसत नाही, तसेच ते. आईच्या लेखी तो कोट आजही पहिल्या दिवसासारखा होता. लग्नात ती तोच घालणार होती.

मागच्या महिन्यात आत्याबाई आणि सल्लागारबाई चहाला आल्या होत्या. आत्याबाईंनी खुंटीकडे पाहून, हा रोजच्या वापराचा असेल, असे विचारले. आई हसून म्हणाली की छे, हा तर ठेवणीतला. तेव्हा त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आईला ती नजर दिसली नाही. मुलीला दिसली.

"त्या नजरेसमोर मी आईला सभागृहात नेणार नाही," वधू म्हणाली. "म्हणून ठरवलं, सभागृहच आईच्या कोटाच्या रंगाचं करायचं. सल्लागारबाईंना मी हळूच सांगितलं, की मोठमोठ्या घरांत हल्ली हाच रंग चाललाय. दुसऱ्या दिवशी त्या मलाच समजावून सांगत होत्या."

बुवांना हसू यायला हवे होते, आले नाही. कोट ठेवून जा, सकाळपर्यंत पहिल्यासारखा करून देतो, एक पैसा नको, असे ते म्हणाले. वधूने मान हलवली.

"मग तिला कळेल की तो विटला होता. इतकी वर्षं विटकाच घालून हिंडले, हेही कळेल. मी एकदा जरा सुचवून पाहिलं, तर म्हणाली, काहीतरीच काय, रंगारीबुवांनी शब्द दिलाय, कापड फाटेल पण रंग जायचा नाही."

ज्या वाक्यावर बुवा उभे होते, ते खोटे ठरल्याचा पुरावा समोर फळीवर पसरला होता. आणि ज्या एका व्यक्तीच्या लेखी ते अजून खरे होते, तिचा मान आता त्यांनी पडदे विटके रंगवण्यावर अवलंबून होता. मघाशी आत्याबाईंना त्यांनी ज्या नजरेने पाहिले, ती खुंटीकडे पाहणाऱ्या नजरेची सख्खी बहीण होती. हे त्यांना कळले, आणि कळल्याचे मुळीच आवडले नाही.

"दुसरा रंगारी पाहू नका म्हणून त्या दोघींना सांग," ते अखेर म्हणाले. "कोट दोन दिवस ठेव. आईला काय सांगशील?"

"इस्त्रीला दिलाय म्हणेन."

पुढचे दोन दिवस बुवांच्या अहंकाराला जन्मात मिळाली नव्हती अशी शिक्षा मिळाली. गडद रंग कोणीही चढवील. विटका रंग नव्या कापडावर आणणे हे काय प्रकरण असते, ते त्यांना तेव्हा कळले. डाळिंबी पातळ करावा तर तो बाळाच्या झबल्यासारखा कोवळा दिसे. काजळी घालावी तर मळके दिसे. तपकिरीचा थेंब जास्त झाला तर कापड चहात पडल्यासारखे होई. पडेल नमुन्यांची एक अख्खी दोरी भरली, आणि चुलीवरच्या कढईशी त्यांचा जो संवाद चालला होता तो लिहून ठेवण्याजोगा नव्हता. सून दारातून पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "पन्नास वर्षं चढवण्यात गेली. उतरवायला शिकायला दोन दिवस कसे पुरतील?" मग तिनेच पदर खोचून दुसरी कढई मांडली.

अकराव्या नमुन्याला हवा तो रंग साधला. उत्तरेच्या खिडकीतल्या एकसारख्या उजेडात त्यांनी तो कोटाच्या पाठीला लावला, आणि कोट कोठे संपतो, नमुना कोठे सुरू होतो, ते दिसेना. एवढे अचूक काम त्यांच्या हातून पूर्वी झाले नव्हते. त्यावर आपली ती अभिमानाची दुहेरी गाठ मात्र त्यांनी मारली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सभागृहात पडदे चढले. आत्याबाई मध्यभागी उभ्या राहून, ही कल्पना आपल्याला कशी सुचली, ते कुणाला तरी सांगत होत्या. सल्लागारबाई त्यांना 'मावळती ओढ'मागचे तत्त्वज्ञान आठवून देत होत्या. बुवा शिडी धरून उभे होते. या दोघींविषयी त्यांचे मत तिळमात्र सुधारले नव्हते, आणि सुधारावे असे त्या दोघींनी काही केलेही नव्हते.

तेवढ्यात वधू आईला घेऊन आत आली. आईच्या अंगात कोट होता. ती बावीस खिडक्यांमधून सावकाश चालत गेली, आणि ती जेथे जेथे उभी राहिली तेथे ते सभागृह तिच्यासाठी शिवल्यासारखे दिसू लागले. आत्याबाईंचे बोलणे थांबले. त्यांनी कोटाकडे पाहिले, पडद्यांकडे पाहिले, पुन्हा कोटाकडे पाहिले. मग सल्लागारबाईंकडे वळून त्या दबक्या आवाजात, पण स्पष्टपणे म्हणाल्या, "यांच्याकडे आधीपासूनच होता हो." त्या स्वरात हेवा होता. शहाणपणाची अपेक्षा कुणी केली नव्हती, हेव्यावर भागले.

आई शिडीपाशी आली. तिने पडद्याचे टोक हातात घेतले, आपल्या बाहीजवळ धरले, आणि पत्रावरचा पत्ता वाचावा तसे बारकाईने पाहिले.

"बुवा, तुम्ही मला ओळखणार नाही," ती म्हणाली. "माझा हा कोट तुम्हीच रंगवला होता. पडदे चांगले झालेत. वाईट वाटून घेऊ नका, पण कोटाची सर नाही आली. जरा फिके वाटतात."

आत्याबाईंचे कान इकडेच होते. ज्या माणसाने आजवर रंगातली खोट कोणाला दाखवू दिली नव्हती, ज्याने या एका रंगासाठी अकरा वेळा हात भाजून घेतले होते, त्याने शिडीवरचा हात काढला आणि मान खाली घातली.

"खरं आहे बाई," बुवा म्हणाले. "तेव्हा जमलं ते आता हाताला जमत नाही."

"वयाने होतं तसं," आई समजुतीने म्हणाली, आणि त्यांच्या रंगलेल्या मनगटावर क्षणभर हात ठेवून मुलीकडे गेली.

वधूवरांचा संसार सुखाचा होवो. आत्याबाईंना पुढच्या लग्नात त्यांचा जांभळा मिळो, आणि सल्लागारबाईंना एखादा टिकणारा रंग भेटो. त्या माउलीच्या डोळ्यांना तिचा कोट अखेरपर्यंत असाच दिसो. आणि कारखान्याकडे एकट्याच परत निघालेल्या त्या वृद्धाला त्या रात्री शांत झोप लागो.